सरांचा बंटी

आमचे सर छत्री फक्त छपराखाली उघडत. छप्पर म्हणजे तालमीचं. गाडगेनगरातल्या एका शाळेचा हॉल आम्हाला संध्याकाळपुरता मिळायचा. वर पत्रे, भिंतीला गुणाकाराचे तक्ते, आणि सगळ्यात मागे एका खुर्चीवर सर, मांडीवर जुनी काळी बटणाची छत्री. स्टेजवर चाललेलं त्यांना आवडेनासं झालं की ते अंगठ्याने बटण दाबत. खट्ट. छत्री उघडायची आणि सर तिच्याखाली डोळे मिटून बसायचे. नटाने ओळखायचं, की आपलं काम पाहण्याच्या लायकीचं उरलेलं नाही. मग प्रवेश पुन्हा पहिल्यापासून.

पाऊस पडत असेल तेव्हा मात्र छत्री मिटलेली, काखेत. एकदा राजकमल चौकात सर चिंब भिजून उभे असलेले मी पाहिले. गाडी थांबवून म्हटलं, "सर, छत्री उघडा ना."

"कोणती छत्री?"

"ही काय, काखेत आहे."

"ते नाटकाची हाये," सर म्हणाले. "पावसात खराब होते."

आमच्या मंडळात छत्री हा शब्दच झाला होता. कोणाचं लग्न कसं झालं असं विचारलं तर उत्तर यायचं, जेवण बरं होतं, पण सासऱ्याचं भाषण म्हणजे छत्री. माझी बायको नाटकाच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही, पण मी ऑफिसच्या गोष्टी सांगायला लागलो की तीही अंगठा दाबून दाखवायची.

सर हे कोणत्याही शाळेत सर नव्हते. अख्खी नोकरी त्यांनी अमरावतीच्या बस स्टँडवर कंट्रोलर म्हणून केली. परतवाड्याची गाडी कुठे लागली, चांदूर बाजारची का लागली नाही, हे माइकवरून सांगायचं आणि खिडकीत बसायचं. त्यांच्या बोलण्यातलं मोठं दुःख एकच होतं. माइकवरून ते स्वच्छ आवाजात सांगायचे की अचलपूरची गाडी फलाटावर लागली आहे. माइक बंद करून वळायचे तर खिडकीत माणूस उभा असायचा आणि विचारायचा, "साहेब, अचलपूरची गाडी कधी लागते?"

"तीस-पस्तीस वर्षं बोललो," सर सांगायचे. "सगळ्या स्टँडले आयकू जाये. पण आयकलं कोणीच नाही. म्हणून नाटकात आलो. इथं लोक निदान बसून तरी आयकतात."

हे ते हसत सांगायचे आणि आम्हीही हसायचो. पण ते बोलणं खरं होतं. सरांना बक्षीस नको होतं, पेपरात फोटो नको होता. आपण 'बसा' म्हटलं की चार माणसांनी बसावं आणि ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं.

नोकरी सुटली तरी गाड्या डोक्यातून गेल्या नाहीत. नाटकाचं सगळं मोजमाप गाडीच्या हिशेबात. एखाद्याचा आवाज मागे पोचला नाही तर, "तुहं वाक्य बडनेऱ्यालेच उतरलं." नाटकाचा मध्य रेंगाळला तर, "मूर्तिजापूरले गाडी किती वेळ उभी ठेवतो? लोक चहा पिऊन परत आले." आणि कोणी भावनेच्या भरात दुसऱ्याच्या वाक्यात घुसला की, "तू या गाडीचा नाहीस. मागून येईन तुही." आम्ही मागून येणाऱ्या आपल्या गाडीची वाट पाहत उभे राहायचो.

अशा माणसाने एक दिवस अकोल्याच्या एकांकिका स्पर्धेसाठी कुमारवयीन पोरांवर नाटक लिहिलं. नाव 'रिपीटर'. अकोल्याला डॉक्टर-इंजिनियर व्हायला आलेली पोरं राहतात त्या एका होस्टेलची गच्ची. तिथं पाच जणांची एक टोळी. टोळीचा दादा बंटी, वय वर्षं सतरा, परीक्षेत एकदा आपटून दुसऱ्यांदा बसलेला. मेसमध्ये पहिली पोळी कोणाला, गच्चीवर कोण येणार, हे बंटी ठरवणार. खालच्या खोलीत एक नवा पोरगा येतो. तो नाटकात दिसत नाही, फक्त त्याच्या खिडकीचा उजेड गच्चीच्या कठड्यावर पडतो. पण त्याला गणितं येतात. सराव परीक्षा जवळ येते तशी टोळीतली पोरं एकेक करून त्या उजेडाकडे उतरून जातात. पोलीस नाही, मारामारी नाही. सराव परीक्षेने टोळी फुटते आणि दादा गच्चीवर एकटा उरतो. कल्पना झकास होती, हे आजही म्हणतो.

अडचण नटांची आली. ज्या वयाच्या पोरांवर नाटक होतं ती पोरं खरोखरच क्लासला होती. पहाटे क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी क्लास. सरांनी एकाच्या घरी जाऊन विचारलं तर त्याच्या आईने दार अर्धवट लावून घेतलं. शेवटी टोळी मंडळातूनच उभी करावी लागली. बंटी मी. तेव्हा माझं वय चौतीस, नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात स्टोअर सांभाळायचो, आणि पोट म्हणाल तर शर्टाचं खालचं बटण कधीचं राजीनामा देऊन बसलेलं. दुसरा मॅनेजर. तो मॅनेजर कशाचाच नव्हता, त्याचं मोबाइलचं दुकान होतं, पण प्रत्येक गोष्टीची व्यवस्था आपण लावतो असं त्याला वाटायचं म्हणून आम्ही तसं म्हणायचो. तिसरे गुरुजी, चांदूर बाजारकडच्या एका शाळेतले, टोळीतलं सगळ्यात लहान आणि भित्रं पोरगं. आणि अचलपूरचे दोन भाऊ, जे कायम बरोबर यायचे, बरोबर पाठ विसरायचे आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून बरोबर निघून जायचे.

सरांनी मला मिशी काढायला लावली. घरी गेलो तर बायकोने दार उघडलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "हे सतरा वर्षांचं हाये?"

"सर म्हणतात लाइटमध्ये दिसत नाही."

"मग लाइटच बंद ठेवा म्हणा," ती म्हणाली आणि वरण उतरवायला गेली.

वय चेहऱ्यावर नसतं, चालीत असतं, असं सरांचं मत होतं. म्हणून पोरं कशी उभी राहतात, कशी चालतात हे पाहायला ते एका सकाळी आम्हा पाचही जणांना घेऊन अकोल्याला गेले. एका मोठ्या क्लासच्या फाटकासमोर रस्त्यापलीकडे आम्हाला ओळीने उभं केलं. पोरं यायला लागली. सर हळूच सांगत होते, "तो पाह्य, दप्तर एका खांद्यावर. बंटी तसा. अन् तो पाह्य, चौघांच्या मधात चालते, पण पुढं पाहत नाही. त्याले माहीत हाये का बाकीचे रस्ता देतात." मी पाहत होतो. गुरुजी सवयीने पोरं मोजत होते. मॅनेजर मोबाइलवर शूटिंग करत होता, आणि तिथंच घोटाळा झाला.

अकोल्यात एका क्लासचे लोक दुसऱ्या क्लासच्या फाटकावर जाऊन हुशार पोरं फोडतात, अशी तिथं कायम भीती. पाच धडधाकट पुरुष, एक म्हातारा, पोरांकडे बोट दाखवून काहीतरी ठरवतात आणि शूटिंग करतात. वॉचमन आला, त्याच्यामागे दोन जण आले, आणि आम्हाला सन्मानपूर्वक आत नेण्यात आलं. वाटेत आम्ही सगळे एकदम बोलत होतो. मॅनेजर सर्वांत मोठ्याने. "आमी कलाकार हावो, नाटक करून राहिलो." वॉचमन म्हणाला, "परवा आले होते तेही नाटकच करून राहिले होते."

केबिनमध्ये क्लासचे मालक बसले होते. किडकिडीत माणूस, चष्मा, पुढे पाण्याची बाटली. आम्ही आत शिरलो ते ओरडतच. त्या गृहस्थाने मान वर केली आणि अगदी हळू, शेजारच्यालाच ऐकू यावं इतक्या हळू म्हटलं, "बसा."

आम्ही पाचही जण बसलो. खुर्च्या तीनच होत्या, म्हणून अचलपूरचे भाऊ एकाच खुर्चीवर बसले आणि गुरुजी कचऱ्याच्या डब्यावर. वॉचमनसुद्धा बसल्यासारखा वाकला. उभे राहिले एकटे सर. त्यांचे डोळे चमकत होते.

"पुन्यांदा म्हणा," सर त्या गृहस्थाला म्हणाले.

"काय?"

"आता म्हटलं ते. बसा म्हणून."

गृहस्थ गोंधळले. त्यांना वाटलं म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. म्हणून ते जरा मोठ्याने म्हणाले, "बसा, काका." सरांनी मान हलवली. "नाही. पयलंच बरोबर होतं." मग सर खाली बसले आणि त्यांनी सगळं नाटक त्या गृहस्थांना पहिल्यापासून ऐकवलं. त्या गृहस्थांचा सकाळचा तास बुडाला. निघताना त्यांनी चहा पाजला आणि रिपीटर बॅचचं माहितीपत्रक माझ्या हातात दिलं. माझ्या मुलासाठी असावं.

परतीच्या गाडीत सरांनी नाटकाची सुरुवात बदलली. पडदा वर जातो, टोळी गच्चीवर गोंधळ घालते, बंटी येतो, पाण्याच्या टाकीजवळच्या खुर्चीवर बसतो आणि हळूच म्हणतो, "बसा." चौघे खाली बसतात. बस्स.

"ज्याचं चालते तो हळू बोलते," सर म्हणाले. "जसंजसं चालनं कमी होते, तसातसा आवाज चढते. बंटीचा सगळा प्रवास त्या एका शब्दात पायजे. पयल्या प्रवेशात एकदा म्हटलं, चौघं बसले. मधल्या प्रवेशात दोनदा म्हणा लागलं, दोघं बसले. शेवटी बोंबलून राहिला, अन् कोणीच नाही."

समजायला सोपं होतं. करायला गेलो आणि माझी वाट लागली. पहिलाच 'बसा' मी असा म्हणायचो की चौघे दचकून उभे राहायचे. हळू म्हणायला गेलो तर गुरुजी म्हणायचे, "काय म्हटलं?" आणि शेवट तर विचारूच नका. शेवटच्या प्रवेशात सगळे निघून गेल्यावर बंटीला दीड पानाचं स्वगत होतं. ते सरांनी एका बैठकीत लिहिलं होतं आणि त्यातल्या स्वल्पविरामालाही हात लावू द्यायचे नाहीत. त्यात आकाश होतं, तारे होते, बापाचे हात होते, आणि शेवटी बंटी खुर्ची लाथेने गच्चीवरून खाली भिरकावतो असं होतं. मी घसा ताणून ते म्हणायचो. आकाश संपून ताऱ्यांवर आलो की मागून आवाज यायचा. खट्ट.

"तू रागावून राहिला," सर छत्रीखालून सांगायचे. "बंटी रागावला नाही."

"मग काय झाला सर?"

"तेच तर शोधून राहिलो."

हे ते अगदी प्रामाणिकपणे सांगायचे. लेखक तेच, दिग्दर्शक तेच, आणि शेवटी बंटीला काय होतं हे त्यांनाच माहीत नव्हतं. मग ते छत्री मिटायचे आणि म्हणायचे, "चाल, आकाशापासून."

याच सुमारास मंडळ आतून उसवायला लागलं. मॅनेजरने क्लासच्या फाटकावर केलेलं शूटिंग, त्यात वॉचमन आम्हाला धरून नेतो ते आणि केबिनमधलंही आलं होतं, मोबाइलवर टाकलं आणि ते भलतंच चाललं. लोक रस्त्यात ओळखायला लागले. गुरुजींना शाळेतल्या पोरांनी कचऱ्याच्या डब्याबद्दल विचारलं. मॅनेजरने एक मोठा कॅमेरा घेतला, वऱ्हाडी विनोदाची मालिका काढायची ठरवली आणि मंडळाचा नवा ग्रुप उघडला. त्या ग्रुपमध्ये आम्ही सगळे होतो. सर नव्हते.

जुन्या ग्रुपवर सर रोज लिहायचे, 'आज तालीम, चांदूर बाजारच्या गाडीच्या टायमाले.' आधी त्यावर पाच अंगठे यायचे. मग तीन यायला लागले. मग नुसत्याच निळ्या खुणा. मी अंगठा देत होतो, पण नव्या ग्रुपवरही होतो. तिथं रोज गंमत चालायची आणि मला ती आवडायची, हे नाकारून काय करू.

सरांना नवा ग्रुप माहीत होता. कसा कळला ते आम्हाला कधी कळलं नाही. बस स्टँडवर आयुष्य काढलेल्या माणसाला कोण कोणत्या गाडीने जाणार हे चेहऱ्यावरून कळत असावं. एक दिवस तालीम संपल्यावर ते सहज म्हणाले, "अकोल्याच्या स्पर्धेत हे एकांकिका नीट झाली, तर पुढच्या वर्षी अजून एक लिहीन. नाही झाली, तर हॉलची किल्ली शाळेले परत देऊन टाकतो. तुमाले बी बाकी कामं असतात." अचलपूरचे भाऊ बरोबर खाली पाहत होते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशीची तालीम मी विसरलेलो नाही. दुपारची वेळ, शाळेला सुट्टी. हॉलमध्ये आमच्यासाठी पहिलीच्या पोरांचे ठेंगणे बाक ओळीने मांडलेले असत, सूचना ऐकायला. सर समोर खुर्चीत. त्या दिवशी मॅनेजरने कॅमेऱ्याची दांडी आणली होती, चालताना हात हलला तरी चित्र हलत नाही अशी. सगळे तिच्याभोवती.

सर आत आले. खुर्चीजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "बसा."

कोणाला ऐकू गेलं नाही. गुरुजी दांडी हातात घेऊन चालून दाखवत होते.

"बसा रे," सर म्हणाले.

धाकट्या भावाने वळून पाहिलं, हसला आणि पुन्हा तिकडे वळला.

मग सरांनी आवाज लावला. माइकशिवाय अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असा. "बसा!" पत्र्याखालचं कबुतर उडालं. मॅनेजर न वळता म्हणाला, "हो सर, दोन मिनिटं फक्त."

मी खिडकीशी बूट काढत होतो, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसत होता. मला वाटलं आता छत्री उघडेल, नाहीतर छत्री फेकतील. सर रागावले नव्हतेच. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, जणू चुकीच्या फलाटावर आलोय की काय असं. आपल्या खुर्चीकडे पाहिलं, पण तिच्यात बसले नाहीत. आमच्यासाठी मांडलेल्या ठेंगण्या बाकांपैकी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. गुडघे पार हनुवटीपर्यंत आले. छत्री त्या गुडघ्यांवर आडवी धरली, अंगठा बटणावर ठेवला, आणि तो तसाच ठेवला. दाबला नाही. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिले, कोणीतरी येऊन आता सूचना देईल अशा आविर्भावात.

इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं, आणि त्याच क्षणी, लाज वाटते पण खरं सांगतो, माझ्यातल्या नटाने ते सगळं टिपून घेतलं. गुडघे, अंगठा, रिकामी खुर्ची. मी एका पायात बूट तसाच ठेवून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. सर म्हणाले, "झाले का दोन मिनिटं?" मी म्हटलं, "होतीलच सर."

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या नाट्यगृहात आमचा नंबर सकाळी लागला. सकाळच्या प्रयोगाला प्रेक्षक म्हणजे परीक्षक, पुढच्या एकांकिकेचे नट आणि पंखा आहे म्हणून येऊन बसलेले काही लोक. सर नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत. स्टेजवरून ते दिसत नव्हते, पण आहेत हे माहीत होतं.

पहिला 'बसा' मी म्हटला. माझा मलाच ऐकू आला नाही इतका हळू. आणि चौघे बसले. मॅनेजरही बसला. मला वाटतं बोलण्यात काहीतरी असावं, कारण नंतर गुरुजी म्हणाले की आपण कधी बसलो ते त्यांना कळलंच नाही. मधला प्रवेश झाला. दोनदा म्हटलं, दोघे बसले. अचलपूरचे भाऊ एकमेकांचं वाक्य बोलले, पण ते नेहमीचंच.

शेवटचा प्रवेश. कठड्यावर खालच्या खिडकीचा उजेड. चौघे वह्या गोळा करून निघालेले. मी म्हटलं, "बसा." कोणी थांबलं नाही. "बसा रे." धाकटा भाऊ वळून हसला. हे पाठांतरात नव्हतं. त्याला आदल्या दिवसाचं आठवलं की काय, देव जाणे. मग मी ओरडलो आणि विंगेतून मॅनेजरचा आवाज आला, "दोन मिनिटं." हेही नाटकात नव्हतं. आदल्या दिवशीची सवय तोंडात राहिली असावी.

आता स्वगत. आकाशापासून. मी तोंड उघडलं आणि मला आकाश आठवेना. आठवलं असतं तरी मी म्हटलं नसतं. मी इकडे तिकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीत बसलो नाही. टोळीतली पोरं बसायची तिथं, त्यांच्या जागेवर, जमिनीवर बसलो. बंटीच्या खिशात बटणाचं पेन असायचं, एका पोराकडून हिसकावलेलं. ते काढलं, गुडघ्यांवर आडवं धरलं, अंगठा बटणावर ठेवला आणि दाबला नाही. रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिलो.

दीड पान गेलं. लाइटवाल्या पोराला 'खुर्ची लाथाडली की अंधार' एवढंच माहीत होतं. खुर्ची कोणी लाथाडेना, म्हणून तो अंधार करेना. मी मात्र एकाच आवाजाची वाट पाहत होतो. सरांचा जीव ज्या स्वगतात होता ते मी त्यांच्यादेखत गिळून टाकलं होतं. आता खट्ट होणार. पंख्यांचा आवाज येत होता. पुढच्या रांगेत कोणीतरी खोकलं. खट्ट झालं नाही. शेवटी लाइटवाल्यालाच राहवलं नाही आणि अंधार झाला.

आम्हाला बक्षीस मिळालं नाही, ते आताच सांगून टाकतो. परीक्षकांच्या शेऱ्यात टोळीच्या प्रमुखाची व्यक्तिरेखा चांगली विकसित झाल्याचं म्हटलं होतं, आणि पुढच्या वेळी योग्य वयाचे कलाकार घ्यावेत अशी सूचना होती.

मेकअपच्या खोलीत जो तो आपलं तोंड पुसत होता. सर आले, छत्री काखेत. माझ्याकडे पाहिलं नाही. नाटकातली खुर्ची उचलली आणि बाहेर आमच्या भाड्याच्या गाडीकडे निघाले. मी मागून पेटी घेऊन गेलो. टपावर खुर्ची बांधताना ते दोरीकडे पाहत म्हणाले, "स्वगत विसरला काय?"

"नाही सर. म्हणजे, हो."

"ते मूर्तिजापूरलेच उतरून जायचं होतं. मीच अकोल्यापर्यंत आणलं, बिनकामाचं." त्यांनी गाठ मारली. "अंगठा कोणाचा घेतला?"

मी त्यांच्या काखेतल्या छत्रीकडे पाहिलं. खोटं बोलायची सोय नव्हती.

"हं," सर म्हणाले. "सतरा वर्षांचं पोरगं एवढ्या दिवसांत आज पयल्यांदा बरोबर झालं. पासष्ट वर्षांच्या माणसाचं केलं म्हणून." आणि ते हसले. डोळे पुसले की घाम, ते मी पाहिलं नाही.

गाडीच्या दाराशी गलका चालू होता. मॅनेजरचं म्हणणं, आपण सगळे त्याच्या मित्राच्या गाडीने जाऊ, वाटेत ढाब्यावर थांबू, रविवारपासून शूटिंग धरायचं, ते बोलून घेऊ. सरांना ड्रायव्हर सोडेल. गुरुजी म्हणत होते, असं बरं दिसत नाही. भाऊ भरदुपारीच म्हणत होते, शेवटची गाडी चुकेल. एक जण या गाडीत चढत होता, दुसरा उतरत होता, आणि सगळे एकदम बोलत होते.

सर तिथं येऊन उभे राहिले. छत्री काखेतून काढून हातात घेतली. मनात म्हटलं, सर, ओरडू नका, आज तरी ओरडू नका.

सर म्हणाले, "बसा."

इतकं हळू, की मला ते ओठांवरूनच कळलं. गुरुजी बसले. अचलपूरचे भाऊ एकाच दारातून एकदम शिरायला गेले, अडकले आणि मग बसले. मॅनेजर कॅमेऱ्याची पिशवी घेऊन रस्त्यावर उभा होता. त्याने मित्राच्या गाडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मग मागे, पेट्यांच्या फटीत, कसाबसा अंग चोरून तोही बसला. मी बसलो.

सर सर्वांत शेवटी पुढच्या सीटवर चढले, छत्री गुडघ्यांवर आडवी ठेवली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "अमरावती. सोड."